बंदूकवाल्याचा मान

जयराम राऊळांच्या दंडावर नाण्याएवढी रक्तचकती चिकटवलेली होती, आणि घरात काय शिजायचं ते तीच ठरवायची. रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस, युरिया ती सतत मोजत राही. सगळं ठीक असेल तर हिरवी, बिघडलं की लाल.

वर्षभरापूर्वी त्यांना डुकराचं मूत्रपिंड बसवलं होतं. माणसाच्या शरीराने परकं मानू नये म्हणून जनुकं बदलून वाढवलेलं डुक्कर, शहराबाहेरच्या एका केंद्रातलं. त्याआधी डायलिसिसच्या खेपांनी माणूस मेटाकुटीला आला होता. आता ते पुन्हा भात लावत होते आणि पुन्हा बंदूकही धरत होते.

त्या सकाळी त्यांनी आजारानंतरचं पहिलं रानडुक्कर पाडलं. परवाना होता. कळपाने शेतांची नासाडी चालवली होती आणि गावात दुसरा धड नेमबाज नव्हता. शिकारीचे वाटे घरोघर गेले. शेजारचा सूर्यकांत मात्र मांसाबरोबर सागाच्या पानात दोन्ही गुर्दे, म्हणजे डुकराची मूत्रपिंडं, घेऊन आला. गोळी ज्याची, गुर्दे त्याचे, ही गावची रीत.

"घे, तुझो मान," तो म्हणाला. "तू आजारी पडल्यापासून ह्यो मान कोणाकच गावलो नाय."

पान अजून कोमट होतं. राऊळांचा हात आपसूक पोटावरच्या टाक्यांच्या वणाकडे गेला.

त्यांच्या बायकोने, शेवंतीने, रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ मृण्मयीला फोन लावून दिला.

"गुर्दे अजिबात नकोत, काका," ती म्हणाली. "मांस चालेल, रानातलं असल्याने चरबी कमी असते. पण दोनच तुकडे. उकळून पाणी फेकून द्या. मीठ नको, रस्सा नको."

राऊळ घुटमळले. "बाई, माझ्या आतलंसुद्धा डुकराचंच आहे. मग हे खाल्लेलं चालतं?"

"शरीराला काही फरक पडत नाही."

"शरीराचं नाही विचारत मी."

"त्याचं उत्तर माझ्या तक्त्यात नाही, काका."

सूर्यकांत समोर बसूनच होता. "गुर्दे रवांदेत, पण मास तरी खा. मारणाऱ्यानच खाल्ल्यान नाय, तर उद्या शिकारीक तुका बोलवतलो कोण?"

शेवंतीने अळणी तुकडे वाढले. राऊळांनी खाल्ले. घास चावताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना. केंद्रातल्या त्या जनावराचं त्यांनी तोंडही पाहिलं नव्हतं. त्याच्या जिवावर ते पुन्हा उभे राहिले, आणि उभं राहिल्यावर पहिला नेम धरला तो त्याच्याच गोतावळ्यावर.

संध्याकाळपर्यंत ते दंडाकडे बघत राहिले. आता लाल होईल, आता तरी होईल. एकदा लाल झाली असती तर यापुढे असं ताट बाजूला सारता आलं असतं, बंदूकही खुंटीला लावता आली असती, आणि गावाने काही म्हटलं नसतं.

चकती हिरवीच राहिली. पोटातलं ते मूत्रपिंड त्या मांसाचं रक्तात उतरलेलं विषही इमानेइतबारे गाळून टाकत होतं.

राऊळांनी वणावर तळहात ठेवला. निदान आतल्या मूत्रपिंडाने तरी नकार द्यायला नको होता का?