आजोबांची फणी

“तुमच्या स्वतःच्या घरात हस्तिदंत आहे का?”

हा प्रश्न सरकारी वकीलबाईंना सगळ्या वर्गासमोर विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी तिच्याशी पैज लावली होती. वकीलबाई म्हणजे तिची आईच. वर्ग कोर्ट बघायला आला होता, सुनावणीला दहा मिनिटं होती. गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानाही तिची दातखीळ बसायची. आता तिने बिनधास्त विचारून टाकलं.

“नाही,” आई म्हणाली. पापणीही न लववता.

आणि कपाटात आजोबांची हस्तिदंती फणी होती. तिचा परवाना नव्हता, कसला कागदही नव्हता. हे फुटलं तर खटलाही जाणार आणि आईची वकिलीही.

सुनावणी सुरू झाली. विनापरवाना हस्तिदंत बाळगल्याचा आरोप असलेला म्हातारा दुकानदार म्हणाला, “वडिलांची आठवण आहे, साहेब.”

“आठवण म्हणजे परवाना नव्हे,” आई म्हणाली.

कारकुनाने दुकानातून जप्त केलेला सुळा फडक्यातून बाहेर काढला आणि झटकन टेबलावर ठेवून तळहातावर फुंकर घातली.

“उन्हात ठेवला होता का?” न्यायाधीशांनी विचारलं.

“नाही साहेब. तळघरात.”

संध्याकाळी ती फणी घेऊन गच्चीत बसली. इथेच आजोबा तिच्या वेण्या घालायचे. “पोरी, रान माजलंय नुसतं, वाट काढायला हवी,” म्हणायचे. इतक्या हलक्या हाताने विंचरायचे की तिला पेंग यायची. ते गेल्यावरही कितीतरी दिवस फणीत त्यांचा एखादा पांढरा केस सापडायचा. ती तो पुस्तकात जपून ठेवायची.

आज फणी कोमट लागली. आत्ताच कुणीतरी खाली ठेवल्यासारखी. तिने डोळे मिटून विंचरलं. आजोबांच्या साबणाचा वास आला. मग ओल्या मातीचा, तुडवलेल्या गवताचा.

फणीत एक केस अडकला होता. वीतभर लांब, काळा, तारेसारखा जाड, हत्तीच्या शेपटीला असतो तसा.

तिने तो फेकला. पुन्हा विंचरलं. आणखी दोन निघाले.

आई-बाबा गच्चीत आले. फणी पाहताच आई खाली बसली. “ती वस्तू नाही गं. माझे बाबा आहेत ते.”

“त्या दुकानदाराचंही तेच म्हणणं होतं.”



“काय हे, वेणीत तार घेऊन हिंडतेस?” म्हणत बाबांनी तिच्या मानेजवळून काहीतरी ओढलं.

ते निघालं नाही. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

बाबांनी हात मागे घेतला. पुन्हा पुढे केला नाही.

“उद्या मी ही फणी न्यायाधीशांसमोर ठेवणार आहे,” ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण अगदी संथ. “आई, तुझं काय व्हायचं ते होवो. आणि तोवर माझ्या केसांना हात लावू नका. त्याला दुखतं.”