पालथा नान

सामोवारात पाणी खदखदत होतं. झिपारनं दस्तरखान अंथरून त्यावर जर्दाळूचा मुरंबा मांडला. फोटोवाली चोल्पोन चहाला यायची होती. आज तिनं खरं काय ते सांगून सासूला पटवलं नाही, तर झिपारला हे घर सोडावं लागणार होतं, आणि तेही लेकीला इथंच ठेवून.

झालं होतं असं, की चोल्पोननं सासऱ्यांच्या पंचाहत्तरीची फोटोमालिका इंटरनेटवर टाकली. त्यातल्या एका फोटोत म्हाताऱ्याच्या पुढ्यातला नान कुणीतरी पालथा घालतंय. जित्या माणसापुढं पालथा नान म्हणजे त्याचं मरण मागणं! त्याच आठवड्यात म्हातारा गेला, आणि नारीनजवळच्या त्या गावात भांडणांची आग भडकली. कारण फोटो एकच, पण त्यातला हात ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये वेगळा. ज्याचं ज्याच्याशी वाकडं, त्याला त्याचाच हात दिसायचा. मेला मोबाइल माणसाची भूक ओळखून ताटात वाढत होता. सासूच्या, सायराकान आपाच्या, मोबाइलमध्ये झिपारचा हात होता, अंगठीसकट. झिपारच्या मोबाइलमध्ये सासूचा होता, आणि खोटं कशाला बोला, तो पाहून तिला बरं वाटलं होतं.

चोल्पोन आली. तिच्यामागून शेणीच्या धुराचा वास आत शिरला.

"आलीस? दाखव हिचे रंग हिला," आपा म्हणाली. "नवरा गिळला माझा, आणि वर तोंड करून बसलीय."

"आपा, मी काढलेल्या फोटोत कुणाचाच हात नाहीये..."

"मग मी काय आंधळी?"

चोल्पोननं दोघींचे मोबाइल बंद करून बाहेर ओट्यावर नेऊन ठेवले. "आता स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ताजा नान आणलाय. त्यावर हात ठेवून दोघींनी शपथ घ्यायची आणि भांडण मिटवायचं."

पत्र्यावर वारा करकरत होता. झिपारच्या चेहऱ्यावर नानाची ऊब आली. नान समोरच होता, सुलटा, वर तीळ. मग सासूचा सुरकुतलेला हात हळूच पुढं सरकला...

"घातला! पालथा घातला हिनं!" आपा किंचाळली.

"मी? तुम्ही घातलात! माझ्या डोळ्यांदेखत!"

झिपारनं सासूचं मनगट पकडलं. आपानं सुनेची वेणी मुठीत धरली.

चोल्पोन मागं सरकत दाराला टेकली होती. तिनं पिशवी छातीशी घट्ट धरली होती.

"अगं बायांनो..." ती म्हणाली. "नान अजून... पिशवीतच आहे."

झिपारनं ते नीट ऐकलं. तरी तिनं मनगट सोडलं नाही. दस्तरखानावरचा पालथा नान तिला स्वच्छ दिसत होता.