मागचं दार

“सभागृहाचं मागचं दार बुजवलंय, हे तिला कळू देऊ नका,” सासूबाई गवंड्याला दबक्या आवाजात सांगत होत्या.

नवी सून कपबशा घेऊन जिन्यातच थबकली. लग्नाला दोनच महिने झाले होते. पण या घरात जे तिला कळू द्यायचं नसे, ते सगळ्यांत आधी तिलाच कळे.

गावाची चार माणसं जमायची जागा आज तिसऱ्यांदा बदलणार होती. आधी धान्याचं कोठार होतं, मग शाळेची खोली, मग हे सभागृह. आता टेकडीवर नवं बांधलं होतं. रिवाज मात्र एकच. माणसं उठून गेली की जागेला एकटं वाटू नये, म्हणून गावातल्या सगळ्यांत नव्या सुनेनं आत जायचं, खिडक्या लावायच्या, पुढच्या दाराला आतून कडी घालायची आणि मागच्या दारानं बाहेर यायचं.

कालच त्या जागांचे जुने फोटो तिच्याकडे आले होते, खाली माहिती लिहायला. शाळेच्या उद्घाटनाच्या फोटोत मागे बंद कोठार होतं, आणि त्याच्या खिडकीत एक बाई. सभागृहाच्या फोटोत मागे बंद शाळा, आणि खिडकीत दोघी.

“आई, ह्या कोण?”

“डाग पडलाय फोटोवर.”

“डागानं अंबाडा घातलाय.”

सासूबाई हसल्या नाहीत. खिडकीतल्या दोघींपैकी एक तिनं घरातल्या लग्नाच्या फोटोत पाहिली होती. सासूबाईंची धाकटी जाऊ. दोघी जावांची लग्नं एकाच दिवशी लागलेली. महिन्याभरात धाकटी पळून गेली, असं घरात सांगत.

दुपारी सगळा गाव सभागृहाच्या दारापाशी उभा राहिला.

“पाच मिनिटांचं तर काम,” नवरा म्हणाला. “भित्री कुठली!”

“मग तुम्हीच जा की.”

लोक हसले. नवरा हसला नाही.

ती आत गेली. कडी नुसती वाजवली, घातली नाही. खुर्च्या कालच टेकडीवर गेल्या होत्या. पावलं उगाच मोठी वाजत होती. एकेक खिडकी लागत गेली तसा उजेड आटत गेला. शेवटची लावली, आणि वास आला. कुबट, ओल्या धान्याचा... त्याच्यामागून खडूचा. या सभागृहात ना कधी धान्य साठवलं होतं, ना कुणी फळा लावला होता.

मग फरशीवर खुर्ची सरकली. सरकून कुणी जागा करून द्यावी, तशी.

“तू नव्हे...” अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं. “सासूला सांग...”

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग दार उघडलं.

बाहेर गवंडी घमेल्यात सिमेंट कालवत होता. शेजारी विटा रचलेल्या. बरोबर पुढच्या दारापुरत्या. तिला पाहून त्याचा हात थांबला. सासूबाईंचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

नवी सून दार सताड उघडं ठेवून बाजूला झाली.

“आई, काकू पळून नव्हत्या गेल्या. आत कुणी जायचं, ती चिठ्ठी तुमच्या नावाची निघाली होती म्हणतात... तुमची जागा धरून ठेवलीय.”