तिसऱ्या पाळीचा थांबा

थांब्याच्या त्या पिवळ्या पट्ट्यावर रात्री बसू नका म्हणतो, तर तुम्ही म्हाताऱ्याला हसता. हसा. पण वैभव, अपेक्षा, आता बसलाच आहात तर ऐका. हे हितेंद्रने मला स्वतः सांगितलंय, माझा हात धरून.

हितेंद्र आपल्याच चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, चौदा नंबरात राहायचा. आता बदलापूरला असतो. त्याला मोजणीचं काम मिळालं होतं. गल्लीगल्लीतली माणसं मोठ्या मेट्रोच्या स्टेशनपर्यंत नेणारी रुळावरची छोटी गाडी येणार, तिचे थांबे ठरायचे होते. नाक्यावर उभं राहायचं आणि जाणाऱ्यायेणाऱ्याचा फॉर्म भरायचा. नाव, खोली, किती वाजता निघता. माणसं पुरेशी झाली तर थांबा, नाहीतर गाडी पुढच्या नाक्याला.

त्याला थांबा हवा होता आईसाठी. सुभद्राबाईंचे गुडघे गेलेले, आणि आठवड्यातून तीनदा परळला डायलिसिस. टॅक्सीवाले एवढ्याशा भाड्याला नाही म्हणायचे. हा बिचारा तिला जिन्यावरून उचलून आणायचा. ती म्हणायची, "झिला, थांबो दारात इलो तर मी एकटीच जातलंय."

मोजणीत बावीस माणसं कमी पडली.

आपल्या जिन्याखाली भाडेकरूंची पाटी आहे ना? त्यातली अर्धी माणसं कधीच गेली, पण खोल्या अजून त्यांच्याच नावावर आहेत, म्हणून नावं कोणी खोडत नाही. हितेंद्रने त्या पाटीवरून एकवीस नावं उतरवली. सगळे गिरणीतले. वेळ काय टाकायची? तिसरी पाळी बाराला लागायची, म्हणून लिहिलं रात्री साडेअकरा. बाविसावं नाव मिळेना, तेव्हा बापाचं घातलं. राजाराम, खोली चौदा.

मला आधी सांगितलं असतं तर कानाखाली दिली असती. मेलेल्याला बोलावू नये रे, कागदावरसुद्धा.

साहेबाला संशय आलाच. एवढी माणसं त्या वेळी जातात कुठे? पुन्हा मोज म्हणाला, आणि अंगठ्याने दाबायचं ते मोजणीचं यंत्र हातात दिलं.

जानेवारीची एकोणतीस, गुरुवार. आईला औषध देऊन, दाराला बाहेरून कडी घालून हितेंद्र अकराला खाली उतरला. मंजुरी यायची होती, तरी थांब्याच्या जागेवर खूण म्हणून रंगवाल्यांनी नुकताच पिवळा पट्टा ओढला होता. रंग ओला होता, म्हणून हा कडेला उभा राहिला.

साडेअकरा वाजले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. यंत्र आपणच बावीस वेळा दाबायचं आणि घरी जायचं, असं त्याने ठरवलेलं. अंगठा ठेवला. दाबायच्या आधीच...

कट्.

त्याने अंगठा उचलला. कट्. कट्. समोर कोणी नाही. नुसता वास. मशीनच्या तेलाचा, कापसाचा. अंगाला घासून कोणी जावं तशी शर्टाची बाही हलायची. सात. बारा. एकवीस.

मग बराच वेळ काहीच नाही...

कट्. बावीस.

हा मात्र पुढे गेला नाही. हितेंद्रच्या अगदी बाजूला थांबला. तंबाखूचा वास आला. तो वास त्याने ओळखला.

"बाबा?"

...

कोणीतरी वाट बघत होतं, एवढंच त्याला कळलं. त्याची नाही. दुसऱ्या कोणाची तरी.

अकरा पन्नास.

कट्.

तेवीस.

नावं बावीसच लिहिली होती. हितेंद्र धावत सुटला. तीन मजले. दाराची कडी होती तशीच होती. आत सुभद्राबाई कुशीवर झोपलेल्या. हात गार.

पहिली हाक त्याने मला मारली, म्हणून पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मी त्याला धरून खाली बसवलं. रडत होता, मीच थांबा मागितला, काका, मीच मागितला म्हणत होता. थांबा पुढे मंजूरही झाला, तुम्ही बसता तोच.

खाटेखाली तिच्या चपला होत्या. तीन वर्षांत तिने त्या पायात घातल्या नव्हत्या. का कोण जाणे, मी एक उचलून उलटी केली. मग दुसरी.

दोन्ही तळांना पिवळा रंग होता. बोट लावलं... ओला.