कोऱ्या कॅसेटमधला पवन

जगदेवला फसवणं सोपं नव्हतं. अनसिंग रस्त्याला त्याचं भाजीपाल्याचं वावर, वावरातच दोन खोल्यांचं घर, आणि त्या साऱ्या पट्ट्यात त्याची ख्याती एकच, की हा माणूस देवळातला प्रसादसुद्धा आधी हुंगून बघतो. बियाण्याची पिशवी कितीही नावाजलेली असो, त्यातले मूठभर दाणे तो ओल्या गोणपाटात गुंडाळून माठाशेजारी ठेवायचा. मोड आले तर पेरायचे, नाही आले तर पिशवी दुकानदाराच्या तोंडावर. एका वर्षी आजूबाजूच्या सगळ्यांचं बोगस बियाणं मातीत कुजलं आणि ह्याचं एकट्याचं वावर हिरवंगार राहिलं. मग काय विचारता! तेव्हापासून त्याच्याशी बोलायची सोयच उरली नाही.

तर असा हा जगदेव एप्रिलातल्या एका सकाळी मेथीच्या जुड्या वाशीमच्या बाजारात घालून मोकळा झाला आणि करणच्या मोबाईलच्या दुकानात जाऊन बसला. पिशवीतून त्याने फडक्यात बांधलेली वस्तू काढली. हातात मावणारा, बटणं झिजलेला एक जुना गेम, पाठीत कॅसेट खोचलेला. हा गेम पवनचा. पवन म्हणजे जगदेवचा एकुलता एक मुलगा. गेल्या उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून तो गेला.

लहानपणी मामाने पुण्याहून आणून दिलेला तो गेम पवनने मोठेपणीही सोडला नव्हता. गंमत बघा, त्या गेममध्येही शेतीच होती. पडद्यावर एवढासा माणूस, त्याची झोपडी, त्याचं वावर. दिवसभर खऱ्या वावरात राबून जेवताना पोरगा पुन्हा त्या वावराला पाणी द्यायचा. जगदेव चिडायचा, त्याची बायको रुख्मिणी हसायची.

आता रुख्मिणी रोज दुपारी भांडी आटोपली की तो गेम चालू करी. खेळणं तिला येत नव्हतं. झोपडीपुढं उभा असलेला पवनचा माणूस ती डोळे भरून बघे, पदराने काच पुसे, बंद करी, आणि मगच चार घास खाई. तेवढ्या बघण्यावर बाई तगून होती. पण मागच्या आठवड्यापासून तो माणूस कधी दिसे, कधी दिसत नसे. ज्या दिवशी दिसला नाही, त्या दिवशी ती जेवली नाही. म्हणूनच जगदेवने आज दुकान गाठलं होतं.

करण पवनच्याच वर्गातला. त्याने कॅसेट उघडून पाहिली आणि तोंड बारीक केलं.

"काका, आतला सेल जाऊन राह्यला. पवननं जे काही करून ठेवलं ते ह्या सेलच्या भरवशावर हाये. सेल मेला का सगळं साफ."

"मंग नवा टाक ना."

"जुना काढताना हात हालला तरी साफच. त्यापेक्षा कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेऊ. ह्या पाहा." त्याने तीन कॅसेटी काउंटरवर मांडल्या. "ही सगळ्यात स्वस्त. पण हिच्यातबी सेलच हाये, म्हंजे पुढं पुन्हा हेच रडनं. ही भारीतली, तुमी घेऊ नका, उगाच पैसा जाईन. ही मधली बरी. मेमरी कार्डावर जपते. फक्त एक खोट हाये हिच्यात. बंद करायच्या आंधी मागं मेनूत यावं लागते. एकदम बटन बंद केलं, तर त्या दिवशीचं कार्डावर चढत नाही."

जगदेवने मधली कॅसेट उचलली. उजेडात धरली, हलवून कानाशी नेली, हुंगलीसुद्धा. त्याचं डोकं भलत्याच दिशेने चाललं होतं. रुख्मिणी तर एकदम बटण बंद करते. म्हणजे तिच्या हातून चुकून काही दाबलं गेलं, तरी पवनने ठेवलं तसंच सगळं राहणार. ही खोट तर आपल्या फायद्याचीच!

"हीच दे. पन बोगस निंगाली तर पाहा."

"चिनी हाये काका. पन चालते."

"चालते म्हंजे? जबान दे मले."

करणने जबान दिली, पण देताना तो जगदेवकडे न बघता त्या उघड्या कॅसेटकडेच बघत होता. जगदेवच्या ते ध्यानात आलं. दोन दिवसांनी गेम घरी आला, रुख्मिणीने चालू केला, झोपडीपुढं माणूस ठसठशीत उभा दिसला, आणि बाई लेकरू घरी आल्यासारखी रडली. त्या रात्री ती पोटभर जेवली. मग जगदेवनेही शंका गिळून टाकली.

पण गिळलेली शंका त्याला कुठली पचायला! आठ-दहा दिवसांनी त्याने सहज डोकावून पाहिलं, तर पडद्यावरच्या वावरात हिरव्या ओळी उगवलेल्या. पवन गेला तेव्हा ते वावर नुसतं नांगरलेलं होतं, मातीच्या रंगाचं. हे त्याला पक्कं आठवत होतं.

"काय व, तू काही दाबते काय त्याच्यात?"

"मी कायले दाबू? पाहते अन ठेवून देते."

त्याचा विश्वास बसला नाही. शेजारच्या वावरातली पोरं येऊन खेळत असतील म्हणून त्याने दुपारभर दारात बाज टाकून पहारा केला. कुणी आलं नाही. रुख्मिणीने चालू केला, बघितला, खटकन बंद केला. दुसऱ्या दिवशी ओळी दुपटीने वाढलेल्या होत्या. शिवाय गेमला आता वास येत होता. कॅसेट जिथं खोचतात त्या फटीतून. गोणपाटात मोड न येता सडलेल्या दाण्यांचा जो वास असतो ना, अगदी तोच.

मग ती दुपार आली. ऊन असं, की कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. लाईट गेलेली, मोटार बंद, पाखरूही कुठं बोलत नव्हतं. जगदेव पाणी प्यायला घराकडं आला आणि खिडकीशीच थबकला. आत रुख्मिणी कुणाशी तरी हळू बोलत होती.

"सकाळी खाल्लं नाही काय रे? ..." मग गप्प. मग, "बरं बरं. करते."

जगदेव आत गेला. खोलीत ती एकटीच होती, मांडीवर गेम. त्याने तो हिसकलाच. पडद्याच्या खाली एक चौकट होती. गेममधली माणसं बोलली की ती उमटते, हे त्याला पवनमुळं माहीत होतं. त्यातली इंग्रजी त्याला कधी वाचता आली नाही. आज मात्र वाचता आलं. चौकटीत सरळ मराठीत लिहिलं होतं: माय भूक लागली.

मराठी अक्षरं आली कुठून, हा धक्का होताच. पण त्याहून वाईट गोष्ट दुसरी होती. पवनने आईला जन्मात कधी माय म्हटलं नव्हतं. बोबडं बोलायला लागला तेव्हापासून तो तिला बाई म्हणायचा.

त्याने गेम रुख्मिणीच्या मांडीवर परत ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्याने आपला नेहमीचा इलाज केला. दाणा खरा की खोटा, ते उगवण बघितल्याशिवाय कळत नाही. सुईच्या टोकाने त्याने कॅसेटमधलं नखाएवढं कार्ड काढलं, पानाच्या चंचीत घालून कमरेला खोचलं, आणि रिकामी कॅसेट परत गेममध्ये बसवून ठेवली. जे काय आहे ते कार्डावर आहे. कार्डच नाही तर काय उगवणार?

दुपारी तो मुद्दाम उशिरा आला. रुख्मिणी भिंतीला टेकून बसली होती, केस विंचरलेले, कपाळावर टिकली. पुढ्यात ताट: भाकर, बेसन, कांदा फोडलेला. ताटापुढं गेम उभा ठेवलेला, आणि त्याचा पडदा उजळलेला. माणूस होता. आज झोपडीपुढं नाही, पार पुढं, काचेशी. इतका पुढं की नुसता चेहराच मावला होता, आणि त्या चेहऱ्याला डोळ्यांच्या जागी दोन चौकोन होते, बस.

जगदेवने कमरेची चंची चाचपली. कार्ड आतच होतं.

"भूक लई हाये त्याले," रुख्मिणी म्हणाली. "पन आता येईन म्हनते तो."

"कुठं येईन ...?"

तिने हसून ताट गेमच्या आणखी जवळ सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीवर गेलेली पाहून जगदेवने गेम पिशवीत टाकला आणि मिळेल त्या ऑटोने वाशीम गाठलं. करण नुकतंच दुकान उघडून झाडत होता. जगदेवने त्याची कॉलरच धरली.

"काय घातलं होतं रे तू ह्याच्यात? खरं सांग, नाहीतर इथंच तमाशा करतो!"

करणने कॉलर सोडवायचा प्रयत्नही केला नाही. खाली बसला आणि पोराच्या डोळ्यात पाणी आलं.

"काका, मी खोटं बोललो. तुमी जुनी कॅसेट देऊन गेले अन मी उतरवाले बसलो, तर सेल मेलेलाच होता. पवनचं काहीच निंगालं नाही. काकू जेवत नाही म्हने तुमी ... मले सांगावलं नाही गेलं. मी नवाच गेम सुरू केला, त्याच्यात पवनचं नाव टाकलं, अन झोपडीपुढं उभा करून देला. बास. एवढंच केलं, आईची आन."

जगदेव मटकन स्टुलावर बसला. म्हणजे आपला संशय खरा होता. बोगसच होतं. पण ह्या खेपेला खरं ठरल्याचा त्याला काडीचाही आनंद झाला नाही. रिकामा पाळणा हलवला तर त्यात भलतंच कुणी येऊन निजतं, म्हणून घरातल्या बाया पोरांच्या हातावर फटके मारतात, ते त्याला आठवलं. आणि ह्या भोळ्या पोराने तर रिकामी जागा करून, वर गेलेल्याचं नाव टाकून, ती त्याच्या बायकोच्या मांडीवर आणून ठेवली होती. एवढे दिवस ती कुणाला जेवू घालत होती?

करणने जगदेवच्या चंचीतलं कार्ड घालून गेम चालू केला आणि त्याचे हात थांबले.

"काका ... ह्याच्यात मानूस नाही."

झोपडी होती. तिचं दार सताड उघडं होतं. वावरातलं हिरवं पीक मधोमध तुडवलेलं, झोपडीपासून थेट पडद्याच्या खालच्या कडेपर्यंत. माणूस कुठंच नव्हता.

"मंग गेला कुठं?"

"असं होतच नाही काका. मानसाबिगर हा गेम चालूच होत नाही ..."

जगदेवने पुढचं ऐकलं नाही. गेम तिथंच टाकून तो पळत सुटला. ऑटोवाल्याला सारखा "जलदी, जलदी गा" म्हणत होता आणि मनात एकच होतं: रुख्मिणी एकटी आहे.

ऊन चांगलंच तापलं होतं. रुख्मिणी ओट्यावर बसून मेथी निवडत होती. ती धड आहे हे पाहून त्याला रडूच आलं. मग त्याला दिसलं की तिच्यामागं आतल्या खोलीचं दार लावून घेतलेलं आहे. ते दार दिवसा कधी लावत नसत.

"गेम मी नेला होता," तो धापा टाकत म्हणाला.

"असू द्या. आता कायले पाहिजे तो?"

तो तिच्याजवळ बसला, तिचे दोन्ही हात धरले आणि करणने सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. मग म्हणाला, "रुख्मिणे, तो आपला पवन नाही व. पवन तुले बाई म्हने. हा माय म्हनते. तुले समजत कसं नाही?"

"मले मालूम हाये," ती शांतपणे म्हणाली.

"मालूम हाये ...?"

"पहिल्याच दिवशी समजलं. आपलं लेकरू मले वळखू येनार नाही काय?"

"मंग घरात काहून घेतलं त्याले?"

तिने बंद दाराकडं पाहिलं. "भूक लागली म्हने. कोनाचं तरी असंन बिचारं. आज खाऊ घालते अन संध्याकाळी जा म्हनते त्याले. मी काय खुळी हाय काय? माहा पवन गेला, ते मले मालूम हाये."

किती महिन्यांनी तिने हे वाक्य तोंडातून काढलं होतं! जगदेवला वाटलं, सुटलो. बायको शाबूत आहे, शुद्धीवर आहे. दोघं मिळून त्या दाराचं काय ते बघू. तो काही बोलणार, इतक्यात त्याच्या ध्यानात आलं की आतून इतका वेळ ताटलीचा बारीक आवाज येत होता, खरवडल्यासारखा, आणि तो आवाज आत्ता थांबला आहे. दाराच्या अगदी पलीकडं कुणीतरी श्वास रोखून उभं होतं.

आणि मग आतून हाक आली. जड, अडखळती, पण पवनच्याच गळ्यातली.

"बाई ... पानी दे व."

रुख्मिणीच्या मांडीवरची मेथी खाली सांडली. तिचा चेहरा बघता बघता बदलला. जगदेवने तिचा पदर घट्ट धरला. "नको जाऊ! त्यानं आता ऐकलं व आपलं ... माह्याच तोंडातून ऐकलं त्यानं ..."

"सोडा," ती म्हणाली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती हसत होती. "सोडा म्हनते ना! पवन बोलावून राह्यला."

ओट्यावरच्या माठातून तांब्या भरून ती आत गेली. कडी आतून लागल्याचं जगदेवने ऐकलं. त्याने दारावर लाथा घातल्या, खांदा मारला, शेजारच्या वावरातली माणसं येईपर्यंत तो ओरडत राहिला. मग सगळ्यांनी मिळून दार तोडलं.

खोलीत कुणी नव्हतं. खिडकीला गज होते. पाण्याचा तांब्या मधोमध ठेवलेला होता, काठोकाठ भरलेला, आणि त्याच्याभोवती फरशीवर हिरव्या पिकाच्या सरळ ओळी उगवून आल्या होत्या.