रिकामटेकड्यांचं गाऱ्हाणं

बसा, बसा. पंखा नका लावू. ही गोष्ट ऐकलीत की घाम आपोआप गार होतो.

माझी नात इरावती जोगेश्वरीच्या एका गाळ्यात अल्बम करत होती. पोस्ट-रॉक! मी म्हटलं, पोस्टात रॉकेल कधीपासून मिळायला लागलं? चिडली. त्यात व्हायोलिन, चेलो, मधेच कुकरची शिट्टी, लिफ्टचं कुरकुरणं. गाणं म्हणून नाहीच. पण ऐकायला बसलं की उठवत नसे, हे कबूल. त्या संध्याकाळी सहाच्या आत कंपनीला पाठवायचा होता, आणि शेवटच्या तुकड्यात एक जागा रिकामी. पोरीची दोन वर्षं तिथं अडलेली.

"आजोबा, आपल्या गावचं गाऱ्हाणं घाला ना तिथं."

आमच्या मालवणात एक जण देवाला साकडं घालतो, बाकीचे दर ओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. रेकॉर्डिंगच्या काचेमागच्या खोलीत मी एकटा. दार लागलं तसं स्वतःचं रक्त वाहताना ऐकू यायला लागलं. भिंतींना ओल्या गोणपाटाचा वास. म्हटलं, देवाला कशाला त्रास? केली गंमत, इथल्याच रिकामटेकड्यांना पोरीचं काम पुरं करायला सांगितलं.

"बा हयसरच्या रिकामटेकड्या म्हाराजा! ह्या चेडवान जा काय मांडलेला आसा, तां आज पुरा कर रे म्हाराजा!"

अशा चार ओळी. दर ओळीनंतर सवयीनं थांबलो. कोण बोलणार?

बाहेर येऊन ऐकलं, तर प्रत्येक थांब्यात... "व्हय म्हाराजा." मी मोजले. सात जण. खालच्या पट्टीत, अगदी चेलोच्या सुरात.

इरावती उडालीच. "झकास! कसं केलंत हो?"

"कला आहे, बाय!"

मग तिनं खुर्ची माझ्याकडं वळवली. "आजोबा, मस्करी नको... दुसऱ्या कोणाचे आवाज असतील तर मी नाही पाठवणार. सगळे तुमचेच ना?"

साडेपाच वाजलेले. पोरीचे डोळे माझ्या तोंडाकडे. जन्मभर जगाला टोप्या घातल्या, आणखी एक.

"माझेच. देवाशपथ, सगळे माझेच."

तिनं पाठवून दिला. रडली, हसली, माझ्या गळ्यात पडली.

तेवढ्यात खालचा चहावाला मार्तंड आला. हातात किटली आणि नऊ कप.

"अरे, आम्ही दोघंच आहोत. चहा कोणी सांगितला?"

"तुम्हीच की, आजोबा! हाच आवाज. वर नऊ जण आहेत म्हणालात."

"माझ्याकडे फोनच नाही रे..."

"बस झाली हां मस्करी! अजून फोन ठेवलाही नाहीत." त्यानं खिशातला फोन पुढं केला.

मी कानाला लावला. पलीकडं मी हसत होतो.