झेंडूने ढकललेलं दार

"खायला वेळेवर, पाणी वेळेवर, कोल्ह्याकुत्र्याची भीती नाही. कोंबडीला आणखी काय पाहिजे असतं?"

दिगंबरमामाने व्हिडिओ कॉलवर, भिंतीवरच्या पडद्यातून कस्तुरीला विचारलं.

सायकलवरून पडून पाय मोडल्यापासून कस्तुरी सांगलीच्या घरात अडकून पडली होती. मामाचं कोंबडीपालन तासगावजवळ. एरवी ती सुट्टीत तिथे जायची, भुशावर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांच्या मागे धावायची. आता मामा त्या शेडमध्ये जाळीचे पिंजरे बसवणार होता. एका कोंबडीच्या वाट्याला वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढीही जागा येणार नव्हती.

"त्यांना नाही आवडणार," कस्तुरी म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं? कोंबडीने?" मामा हसला. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण कस्तुरीला ते लागलं. तिने लगेच विशाखाआत्याला फोन लावला. आत्या प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ होती.

"आत्या, कोंबडीला काय हवंय हे तिलाच विचारता येतं का?"

"येतं की. फक्त शब्दांत नाही विचारायचं," आत्या म्हणाली. "मला सांग, तुला जिलबी आवडते हे मला कसं कळेल?"

"मी सांगेन ना."

"आणि तुला बोलता येत नसेल तर?"

कस्तुरीने विचार केला. "जिलबी माळ्यावर ठेव. मी शिडी लावून काढते की नाही ते बघ."

"आता माळा उंच उंच करत नेला आणि तरी तू चढत राहिलीस, तर तुझी ओढ किती ते मला मोजता येईल. याला प्रेरणा-मापन म्हणतात (एखाद्या गोष्टीसाठी जीव किती कष्ट घेतो, त्यावरून त्याची ओढ मोजणं). कोंबडीला शिडी चढता येत नाही. तिला आपण दार देऊ."

आत्याच्या प्रयोगशाळेत दारवान नावाचा एक बुटका यंत्रमानव होता. त्याच्या पोटात ढकलून उघडायचं दार होतं आणि ते हवं तेवढं जड करता यायचं. मामाने थोडी कुरकुर केली. पण भाचीचा पाय मोडलेला, तिला विरंगुळा होईल, म्हणून तो तयार झाला. आत्याने दारवान शेडमध्ये नेऊन ठेवला आणि तो चालवायचं काम घरबसल्या कस्तुरीकडे आलं.

"आधी मोजपट्टी ठरवायची," आत्याने सांगितलं. "कोंबड्या रात्री खात नाहीत, म्हणून सकाळी त्यांना भूक असते. दारापलीकडे दाणे ठेव. भुकेपोटी त्या किती जड दार ढकलतात ते बघू. नंतर त्याच्याशी बाकीचं ताडून पाहता येईल."

कस्तुरीने झेंडू नावाच्या तांबूस कोंबडीपासून सुरुवात केली. दार थोडं थोडं जड होत गेलं. झेंडू डोकं घालून ढकलत राहिली आणि एका टप्प्यावर तिने नाद सोडला. कस्तुरीने तो आकडा नोंदवला, मग दार हलकं करून तिला पोटभर दाणे खाऊ दिले.

नंतर पलीकडे नुसती रिकामी खोली ठेवली. हा होता ताळ्याचा प्रयोग (फरक नेमका कशामुळे पडतो, याची खात्री करणारा जोडीचा प्रयोग). झेंडूने दाराला एक धक्का दिला आणि पाठ फिरवली.

शेवटी पलीकडे गवत घातलेला आडोसा ठेवला. झेंडूची अंडं घालायची वेळ झाली होती. ती इकडून तिकडे फेऱ्या मारत होती, लांबट आवाज काढत होती. तिला दाराच्या झरोक्यातून आडोसा दिसला आणि तिने दाराला डोकं लावलं.

कस्तुरीने दार जड केलं. झेंडू थांबली नाही. दाण्यांच्या वेळी तिने जिथे नाद सोडला होता, तो आकडा मागे पडला. कोंबडीचे पाय भुशात घसरत होते, पण ती पुन्हा पुन्हा येऊन रेटत होती.

"बास," कस्तुरी म्हणाली. "कळलं मला." तिने दार उघडलं. झेंडू आत गेली, चोचीने गवत सारखं केलं आणि बसली.

पुढचे काही दिवस तिने इतर कोंबड्यांवरही हेच करून पाहिलं, कारण एकीवरून सगळ्यांचं सांगता येत नाही, असं आत्याने बजावलं होतं. कोणी कमी रेटलं, कोणी जास्त. पण बहुतेकींना अंडं घालताना आडोसा दाण्यांइतकाच गरजेचा वाटत होता.

मामाने सगळं चित्रण पाहिलं. "दार ढकललं म्हणजे दुःख होतं, असं थोडंच आहे?" तो म्हणाला.

"बरोबर," आत्या म्हणाली. "दुःख आपण मोजलेलं नाही. हवं असणं मोजलंय."

"मामा, पण पिंजऱ्यात ढकलायला दारच नसणार," कस्तुरी म्हणाली. "मग तिने काय करायचं?"

मामाने झेंडूचं चित्रण पुन्हा एकदा लावून पाहिलं. "बरं, पिंजरे नको. मोकळ्याच ठेवतो. मग तरी अंडी खाशील ना?"

"तुझ्याकडे सगळ्या कोंबड्याच आहेत. त्यांचे भाऊ कुठे गेले?"

मामाने खाली बघितलं. अंड्यांच्या जातीचे नर पिल्लू असताना, बहुतेक पहिल्याच दिवशी मारतात, हे त्याला ठाऊक होतं. ते अंडी देत नाहीत आणि मांसासाठीही वाढवणं परवडत नाही. त्याने ते लपवलं नाही, सांगून टाकलं.

"मग मी नाही खाणार. दूधही सोडतेय, त्यासाठीही वासराला गाईपासून तोडतात," कस्तुरी म्हणाली.

"हाडं जुळायचीत तुझी," आई काळजीने म्हणाली. त्यावर आई, आत्या आणि कस्तुरी अशा तिघींनी डॉक्टरांशी बोलून घेतलं. डाळी, सोयाबीन, तीळ, नाचणी आणि ब-बारा जीवनसत्त्वाची गोळी, असं ठरलं. संध्याकाळी आईने बेसनाचं टोमॅटो ऑम्लेट केलं. बाबांनी दुसरं मागून घेतलं.

कस्तुरी मात्र तेवढ्यावर थांबली नाही. तिने पलंगावरूनच वर्गाला झेंडूचं चित्रण दाखवलं आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. काही जण हसले. काहींनी घरी जाऊन तोच विषय काढला.

महिनाअखेरीस मामाचा फोन आला. "पिंजरे रद्द केलेत. आहेत त्या कोंबड्या शेवटपर्यंत सांभाळेन, पण नवी पिल्लं आणणार नाही. अर्ध्या शेडमध्ये अळिंबी, म्हणजे मशरूम, लावून बघतोय. जमेल की नाही, माहीत नाही."

"मी शिकते अळिंबीचं. इथूनच मदत करते," कस्तुरी म्हणाली.

मग ती पडद्यावर दिसणाऱ्या आत्याकडे वळली. आत्या मामाच्या शेडमधून दारवान परत न्यायच्या तयारीत होती.

"आत्या, गाय आणि वासरू यांच्यामध्ये दार ठेवलं, तर गाय किती जोर लावेल?"

"त्यासाठी दारवान बराच मोठा करावा लागेल," आत्या म्हणाली.

"मग करू या," कस्तुरी म्हणाली आणि तिने नव्या दाराचं चित्र काढायला घेतलं.